पूर्व विदर्भाचे हिवाळी पाहुणे : येतात किती, उतरतात कुठे?

दर हिवाळ्यात पूर्व विदर्भातल्या वर्तमानपत्रांत दोन बातम्या हमखास असतात. नोव्हेंबर सरता सरता ‘परदेशी पाहुण्यांचे आगमन’ आणि जानेवारीत ‘पाहुण्यांनी फिरवली पाठ’. कधी तलाव वेगळे असतात, कधी तलावही तोच असतो. दोन्ही बातम्या आपापल्या जागी खऱ्या असतात, आणि अडचण तिथेच सुरू होते. जिथे गावागणिक तलाव आहे, तिथे एका तलावाकडे बोट दाखवून काहीही सिद्ध करता येतं.

भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत हिवाळी पाणपक्षी कमी झाले आहेत का, झाले असतील तर कशामुळे, आणि त्यावर करण्यासारखं काय आहे, या तीन प्रश्नांवर गेली काही वर्षं बरंच बोललं गेलं आहे. पक्षिनिरीक्षक, वनखातं, मासेमारी संस्था, पाटबंधारेवाले आणि शेतकरी या सगळ्यांचं म्हणणं निरनिराळं आहे. ते एका जागी ठेवून बघण्याचा हा प्रयत्न.

बघण्यासाठी भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्याच्या उत्तरेचं, मध्य प्रदेशच्या हद्दीला टेकलेलं नाकाडोंगरी हे सोयीचं ठाणं आहे. या गावाच्या नावाचं वनपरिक्षेत्र आहे. आसपास चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी आहेत, धानाच्या बांध्या आहेत, गावोगावच्या बोड्या (लहान तळी) आणि तलाव आहेत आणि सीतेकसाजवळ बावनथडी नदी अडवून झालेला मोठा जलाशयही आहे. म्हणजे वादातली दोन्ही पाणी, लहान आणि मोठं, इथे हाताच्या अंतरावर आहेत. पक्षी मोजणारे मात्र बहुतेक नागपूरच्या आसपास, गोंदियात किंवा नवेगावबांधकडे. जिल्ह्याच्या या उत्तर टोकावर नोंदी विरळ होत जातात.

तलाव कोणी बांधले, कसे चालले

पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. त्यांतले बरेचसे गोंड राजांच्या काळात आणि नंतर कोहळी समाजाने बांधले. तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन कसायला मिळायची, म्हणून तलाव ही पुण्याईइतकीच हिशेबाची गोष्ट होती. पुढे मालगुजारी पद्धतीत ते मालगुजारांच्या ताब्यात राहिले. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि कागदोपत्री ‘माजी मालगुजारी’ म्हणजे ‘मामा तलाव’ झाले. पाळीची डागडुजी, गाळ काढणं, तुडूम (पाणी सोडण्याचं दार) उघडण्याची पाळी ठरवणं ही गावाची कामं होती. सरकारजमा झाल्यावर ती कोणाचीच राहिली नाहीत, अशी तक्रार आजही जुनी माणसं करतात. ती थोडी एकांगी आहे, कारण मालगुजारीत वेठही होती. पण तलावांची निगा घसरली ती याच काळात, यावर फारसं दुमत नाही.

पक्ष्यांच्या दृष्टीने या तलावांची घडण महत्त्वाची आहे. एका बाजूला मातीची पाळ, तीन बाजूंनी हळूहळू चढत जाणारी जमीन. पावसाळ्यात तलाव सलंगापर्यंत, म्हणजे सांडव्यापर्यंत, भरतो. धान निसवायच्या वेळी पाऊस दडला की तुडूम उघडून बांध्यांना पाणी देतात, आणि दिवाळीपर्यंत तलाव बराच खाली उतरलेला असतो. नेमकी हीच वेळ उत्तरेकडच्या बदकांच्या येण्याची. पाण्यात शेपटी वर करून चोचीने तळ चाळणाऱ्या बदकांना मानेच्या लांबीइतकंच पाणी लागतं. चक्रांग बदकाला वीतभर पुरतं, लांब मानेच्या तलवार बदकाला थोडं जास्त. थापट्या तर वरवरचं पाणी गाळूनच पोट भरतो. उतरता काठ असला की पाणी हटेल तसतशी रोज नवी उथळ पट्टी तयार होते आणि तिच्यात पाणवनस्पतींचं बी, कंद, गोगलगायी, किडे असा ऐवज असतो. मागे उरलेल्या चिखलावर तुतवार, शेकाटे, धोबी फिरतात. तेव्हाच भोवतालच्या बांध्यांत धानाची कापणी उरकलेली असते आणि सांडलेला दाणा रात्री टिपायला बदकं उतरतात. हे सगळं पक्ष्यांसाठी कोणी केलं नव्हतं. धानाचं वेळापत्रक आणि पक्ष्यांचं वेळापत्रक जुळलं, एवढंच.

त्यामुळे ‘तलाव नैसर्गिक की कृत्रिम’ हा प्रश्न इथे बदकांच्या लेखी निरर्थक आहे. कायद्याच्या लेखी तो तसा नाही. त्याकडे पुढे येऊ.

जुन्या नोंदी काय सांगतात

आधी किती पक्षी होते, हे कळल्याशिवाय कमी झाले की नाही ते ठरत नाही. आणि जुना हिशेब फार तुटपुंजा आहे. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचे अभिरक्षक ई. ए. डी’अब्रू यांनी १९३५ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) जर्नलमध्ये मध्य प्रांतातल्या पक्ष्यांची यादी छापली. त्याआधी १९१२ साली त्यांनी नाकाडोंगरीच्या पलीकडच्याच बालाघाट जिल्ह्यातल्या पक्षिसंग्रहाच्या भटकंतीवर टिपणं लिहिली होती. या लेखनाचं मोल मोठं आहे, पण ते जाती सांगतं, संख्या सांगत नाही. अमुक बदक ‘नेहमीचं’ आहे असं लिहिणाऱ्याला शंभर म्हणायचे होते की दहा हजार, हे शोधायला आता मार्ग नाही. इंग्रज अधिकाऱ्यांच्या शिकारीच्या वर्णनांचीही तीच गत. त्यात मारलेल्यांचे आकडे असतात, उरलेल्यांचे नसतात.

मराठी वाचकाच्या मनातलं या तलावांचं चित्र घडवलं ते मारुती चितमपल्लींनी. वनाधिकारी म्हणून ते नवेगावबांधला राहिले, तिथल्या पाण्यावर आणि पाखरांवर लिहीत राहिले, आणि मराठीला पक्षिकोश दिला. जून २०२५ मध्ये ते गेले. राज्यात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो, तो त्यांच्या आणि पक्षितज्ज्ञ सालीम अलींच्या जन्मदिवसांमधला आठवडा म्हणून. पण त्यांच्या लेखनाचा परिणाम असाही झाला की नवेगावबांधचं ते भरलेलं पाणी ही आपल्या मनातली मोजपट्टी झाली. आजच्या कुठल्याही तलावाला आपण त्या पानांशी ताडून बघतो. साहित्य म्हणून ते ठीक, गणनेचा पाया म्हणून ते चालणार नाही. खुद्द चितमपल्लींचाही तसा दावा नव्हता.

आकडे मिळायला लागले ते १९८७ नंतर. त्या वर्षी आशियाई पाणपक्षी गणना सुरू झाली. दर जानेवारीत स्वयंसेवक ठरावीक पाणथळीवर जाऊन पक्षी मोजतात. भारतात तिच्या संयोजनात बीएनएचएस असते. अलीकडे ईबर्डसारख्या माध्यमांवर सामान्य निरीक्षकांच्या नोंदी साचत गेल्या. पक्षी येतात कुठून, हे मात्र कडी आणि पट्ट्यांनीच कळलं. सालीम अलींनी भरतपूरला हजारो पक्ष्यांच्या पायांत कड्या घातल्या आणि त्यांतल्या काही पुढे सोव्हिएत रशियातून परत कळवल्या गेल्या. मंगोलियात मानेत क्रमांकाचा पट्टा घातलेले पट्टकादंब हंस नागपूर भागातल्या तलावांवर दिसले आहेत. डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारा हा हंस हिमालय ओलांडून येतो. उपग्रह यंत्र लावलेला एक पक्षी ७,२९० मीटर उंचीवर उडताना नोंदला गेला आहे. शास्त्रज्ञ ज्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात, तो तीस देशांवरून जातो आणि १८२ जातींचे पाणपक्षी तो वापरतात. भंडाऱ्यातली बोडी ही त्या मार्गावरची शेवटच्या टोकाकडची एक पायरी.

खरंच कमी झाले का?

पहिलं म्हणणं सरळ आहे : हो, कमी झाले. याला देशपातळीवर भक्कम आधार आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३च्या अहवालात तीस हजारांवर निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी तपासल्या गेल्या. दीर्घकालीन कल सांगता आला अशा ३३८ जातींपैकी साठ टक्के जाती घटल्या आहेत. तीस टक्के किंवा त्याहून जास्त घट झालेल्या चौदा जातींचा जागतिक धोका नव्याने तपासावा, अशी शिफारस त्यात आहे आणि त्या चौदांत थापट्या, चक्रांग बदक आणि साधा तुतवार आहेत. हे तिन्ही आपल्या तलावांवरचे अगदी नेहमीचे हिवाळी पाहुणे. छोट्या लालसरीला तर २०१५ सालापासून जागतिक यादीत ‘असुरक्षित’ गणलं जातं. ही घट जिथे पिल्लं होतात तिथली असू शकते, वाटेतली असू शकते आणि इथलीही असू शकते. हे मत मांडणारे म्हणतात की देशभर उतार असताना भंडारा-गोंदिया तेवढा अपवाद ठरावा असं मानायला कारण नाही.

दुसरं म्हणणं असं की पक्षी घटले नाहीत, पांगले. जोराचा परतीचा पाऊस झाला की प्रत्येक बोडीत, प्रत्येक खड्ड्यात पाणी असतं, आणि नेहमीच्या मोठ्या तलावावर बदकं कमी दिसतात. दुष्काळी वर्षी उलट : पाणी चार ठिकाणीच उरतं, सगळे तिथे गोळा होतात आणि बातमी ‘विक्रमी आगमना’ची होते. हे म्हणणं तलावकाठचा कोणीही ढिवर मासेमार सांगेल. ते तर्काला धरूनही आहे. पण ते सिद्ध करायचं तर एका सकाळी शेजारशेजारचे पन्नास-शंभर तलाव एकदम मोजावे लागतील. आपल्याकडची गणना ठरावीक, नावाजलेल्या तलावांवर होते. त्यामुळे हे म्हणणं खोडताही येत नाही आणि पुरं स्वीकारताही येत नाही.

तिसरं मत जरा लांबचं आहे. उत्तरेकडचे हिवाळे सौम्य झाले तर पक्षी इतक्या दक्षिणेला येतीलच कशाला? उत्तर युरोपात काही बदकांच्या बाबतीत हे दिसून आलं आहे. पूर्वी गोठणारं पाणी आता गोठत नाही, म्हणून शेंडी बदकासारख्या जाती उत्तरेलाच थांबू लागल्या. पट्टकादंब हंसही मोठ्या संख्येने तिबेटातच, ल्हासाच्या आसपासच्या खोऱ्यांत, हिवाळी गव्हाच्या शेतांवर थंडी काढतात. पण मध्य आशियातून मध्य भारतात येणाऱ्या बदकांबद्दल असा पुरावा अजून पातळ आहे, आणि तापमानवाढीच्या नावावर सगळं ढकलून मोकळं होण्याची सोय त्यात आहे, म्हणून मी तरी त्याला तिसऱ्याच जागी ठेवेन.

या तिन्ही मतांचा एकमेकांशी मुळात झगडा नाही, हे चर्चेत फारसं कोणी म्हणत नाही. उड्डाणमार्गावर एकूण पक्षी घटले असतील, उरलेल्यांतले काही उत्तरेला थांबत असतील आणि जे इथवर येतात ते वर्षागणिक वेगवेगळ्या तलावांत विखुरत असतील. खरा प्रश्न उरतो तो प्रमाणाचा.

तलावाच्या आत काय बिघडलं

इथे मतं कमी आणि माहिती जास्त आहे, म्हणून थोडं सविस्तर.

आल्यागेल्याला दिसतो तो बेशरम. शोभेला, कुंपणाला म्हणून आलेलं हे दक्षिण अमेरिकेकडचं झुडूप पाण्यात आणि कोरड्यातही सारखंच तगतं, गुरं त्याला तोंड लावत नाहीत, आणि तलावाची उथळ बाजू ते बघता बघता व्यापून टाकतं. ज्या पट्टीत बदकांना चरायचं असतं, नेमकी तीच पट्टी जाते. काही बगळे आणि पाणकावळे त्यावर रात्र काढतात हे खरं, पण बदकाला त्या जाळीत उतरताही येत नाही. दुसरी जलपर्णी. ती मुख्यतः सांडपाणी मिळणाऱ्या पाण्यात माजते. वैनगंगेवर गोसीखुर्दच्या फुगवट्यात नागनदीतून नागपूरचं सांडपाणी येऊन मिळतं, तिथे ती कशी पसरते हे भंडारा शहराला सांगायला नको.

पण खोलवरचा बदल पाण्याखालचा आहे, आणि तो माशांशी जोडलेला आहे. मालगुजारी गेल्यावर तलावांची मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने मिळू लागली. उत्पन्न वाढावं म्हणून रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडलं गेलं, कुठे कुठे गवत्या मासाही. गवत्या पाणवनस्पती खातो, तळाशी चरणारे मासे गाळ ढवळतात. पाणी गढूळ झालं की प्रकाश खाली पोचत नाही आणि हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या बुडीत वनस्पती विरत जातात. त्या गेल्या की मरळ, मांगूर यांसारख्या गावठी माशांची अंडी घालायची जागा जाते आणि बदकांचं ताटही जातं. मत्स्यखात्याच्या आणि काही संस्थांच्या बाजूने याला उत्तर असं आहे की गावठी माशांवर आजच्या कुटुंबांचं पोट भरत नाही, कार्पचं बीज सोडलं तरच ठेक्याची रक्कम निघते. हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ढिवर समाजाकडे जमीन नाही, तलाव हीच त्यांची शेती आहे, आणि पक्ष्यांसाठी त्यांनी उपाशी राहावं असं म्हणायचा शहरातून आलेल्या पक्षिनिरीक्षकाला अधिकार नाही.

या कोंडीतून वाट दाखवणारं काम याच भागात झालं आहे. भंडाऱ्याची ‘फीड’ ही संस्था (फाउंडेशन फॉर इकॉनॉमिक अँड इकॉलॉजिकल डेव्हलपमेंट), तिचे मनीष राजनकर, अर्जुनी-मोरगावकडचे पतीराम तुमसरे आणि शालू कोल्हे यांच्यासारखे ढिवर समाजातलेच कार्यकर्ते यांनी तलाव पुन्हा लावायला घेतले. लावायला म्हणजे शेत लावतात तसंच : उन्हाळ्यात तळातला बेशरम मुळासकट उपटायचा, कोरडी जमीन नांगरायची, आणि पावसाच्या तोंडाशी पाणवनस्पती रोपून द्यायच्या. कुठल्या वनस्पतीखाली कुठला मासा राहतो, काठाचं देवधान कोण खातं, हे ज्ञान पुस्तकातून नव्हे, मासेमारांकडून गोळा केलं गेलं. अशा तलावांत गावठी मासे परतले आणि पक्षीही वाढले, असा या मंडळींचा अनुभव आहे. आक्षेप इतकाच घेतला जातो की पक्ष्यांच्या बाबतीत आधीची आणि नंतरची शिस्तशीर मोजणी सगळीकडे झालेली नाही, आणि हे काम हाताने, गावाच्या एकजुटीने होतं म्हणून हजारो तलावांवर ते कसं पसरवायचं हे ठरलेलं नाही. दोन्ही आक्षेप रास्त आहेत. तरीही या सगळ्या वादात ज्यावर पक्षिप्रेमी, मासेमार आणि शेतकरी तिघेही एका बाजूला उभे राहू शकतात असं हे एकच काम मला दिसतं.

याच्या अगदी शेजारी गाळाचा प्रश्न आहे. तलावांत गाळ साचला, साठा घटला, म्हणून तो काढायचा. २०१७च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे त्याला वेग आला. शेतकऱ्याला गाळ हवा असतो, सिंचनाला साठा हवा असतो. हरकत आहे ती पद्धतीला. जेसीबीने तळ एकसारखा खोल केला आणि काठ उभा कापला, तर पाणी वाढतं पण उथळ पट्टी संपते. वरच्या थरातलं बी आणि कंद ट्रॉलीतून शेतात जातात. पाटबंधारे खात्यातले काही अभियंते हे मान्य करतात, पण त्यांचं मोजमाप घनमीटरमध्ये होतं, उतारात नाही. पाळीकडची बाजू खोल करून वरची बाजू तशीच ठेवणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अंदाजपत्रकात त्याचा रकाना नाही, एवढंच.

शिकारीबद्दल थोडक्यात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बदकांची शिकार गुन्हा आहे. चोरटी शिकार थांबलेली नाही, पण घटीचं मुख्य कारण तीच, असं आता जाणकारांपैकी फारसं कोणी म्हणत नाही. उन्हाळी धानाच्या पऱ्ह्यांवर उतरणारी बदकं हाकलणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे शेतकऱ्याचं नुकसान खरं असतं, आणि त्याची भरपाई मागायला तो कुठे जात नाही.

मोठं पाणी : पर्याय की फसवी सोय?

गेल्या काही दशकांत या भागात पाण्याचं रूपच पालटलं. गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ साली झाली. आज पवनीपासून भंडाऱ्यापर्यंत वैनगंगा पसरट झाली आहे. उत्तरेला बावनथडीचा जलाशय आला. एका गटाचं म्हणणं, लहान तलाव बिघडले तरी पक्ष्यांना ही नवी घरं मिळाली. दाखला म्हणून हिमाचलातल्या पोंगकडे बोट दाखवतात. तो जलाशय सत्तरच्या दशकातला, पूर्णपणे मानवनिर्मित; आणि आज तिथे हिवाळ्यात लाखाच्या घरात पाणपक्षी मोजले जातात, त्यांत पट्टकादंबांची गणती दहा-दहा हजारांनी होते.

दुसरा गट पोंगचंच उदाहरण उलटं फिरवतो. तिथे पाणी ओसरलं की मैलोगणती सपाट गवताळ जमीन उघडी पडते, हंस चरतात ते त्या जमिनीवर. बावनथडीचं बुडीत क्षेत्र जंगलाचं आणि उंचसखल आहे. खोल पाण्यात बुड्या मारणारी लालसरी, वारकरी, पाणकावळे यांचं भागतं. वरवर चाळणाऱ्या चक्रांगाचं आणि तलवार बदकाचं भागत नाही. शिवाय सगळे एकाच पाण्यावर एकवटले की एका साथीत जातात : २०२०-२१च्या हिवाळ्यात पोंगवर बर्ड फ्लूने हजारो पक्षी मेले आणि त्यांत बहुसंख्य पट्टकादंबच होते.

दोन्ही गट एक शक्यता विसरतात. पक्षी दोन्ही पाणी वापरत असतील : दिवसा माणसापासून लांब जलाशयाच्या मध्यभागी विसावा आणि रात्री आसपासच्या बोड्यांत, बांध्यांत चारा. बदकांची ही सवय जगभर माहीत आहे. तसं असेल तर ‘मोठं की लहान’ हा वादच चुकीच्या जागी मांडला गेला, आणि जलाशयाभोवतीची लहान पाणी बिघडली की जलाशयही ओस पडेल. नाकाडोंगरी-सीतेकसा भाग हे तपासायला जवळजवळ प्रयोगशाळेसारखा आहे. दिवसा जलाशय मोजणं आणि संध्याकाळी उडून जाणारे थवे कुठे उतरतात ते बघणं यासाठी फार मोठा खर्चही लागत नाही.

कायद्याची चौकट

महाराष्ट्रात तीन रामसर स्थळं (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा) आहेत : नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी. त्यांतलं एकही पूर्व विदर्भात नाही, ‘तलावांचा जिल्हा’ म्हणवणाऱ्या भंडाऱ्यात तर नाहीच. याहून महत्त्वाचं म्हणजे २०१७च्या पाणथळ जागा नियमांत सिंचन, पिण्याचं पाणी, मत्स्यशेती यांसाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे आणि भातशेती ‘पाणथळ’ या व्याख्येतून वगळलेली आहेत. मामा तलाव सिंचनासाठीच बांधले गेले. म्हणजे पूर्व विदर्भातल्या पाणपक्ष्यांचा जवळजवळ सगळा अधिवास या एका वाक्यात नियमाबाहेर जातो.

वगळण्याच्या बाजूने युक्तिवाद आहे, तोही ऐकायला हवा. प्रत्येक गावतलाव अधिसूचित झाला तर तुडूम दुरुस्त करायलाही परवानगी लागेल, ढिवरांच्या मासेमारीवर बंधनं येतील, आणि आज जो तलाव गावाचा उरलासुरला आहे तो वनखात्याचा होईल. नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हापासूनचा अनुभव बघता ही भीती निराधार नाही. उलट बाजू म्हणते की नांदूर मध्यमेश्वरही सिंचनाचाच बंधारा आहे; तिथे अधिसूचना आणि पाटबंधारे दोन्ही नांदतात, मग इथे का नाही? मधला मार्ग म्हणून सामूहिक वनहक्क आणि जैवविविधता समित्यांमार्फत गावानेच तलावाचा आराखडा करावा, असं काही अभ्यासक सुचवतात. तो कागदावर चांगला दिसतो. चालून दाखवलेली गावं अजून मोजकी आहेत.

सारसाची बाजू

सारस हा पाहुणा नाही, बारमाही रहिवासी आहे, म्हणून तो या लेखाच्या कक्षेत पुरता बसत नाही. तरी त्याला टाळता येत नाही, कारण महाराष्ट्रात तो आता जवळपास फक्त गोंदिया-भंडाऱ्यातच उरला आहे, आणि त्याची मोजणी ज्या पद्धतीने होते तिथून शिकण्यासारखं आहे. गोंदियाची ‘सेवा’ संस्था, वनखातं आणि शेतकरी मिळून गावोगावी, ठरल्या वेळी एकदम सारस मोजतात, पलीकडच्या बालाघाट जिल्ह्यासकट. वैनगंगा आणि बाघ या नद्यांच्या काठाने राज्याची हद्द सारसाला कळत नाही हे त्यांनी आधीच ओळखलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही सारसाचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. पक्षी काही डझनच असल्याने हे जमतं, हे खरं. पण बदकांसाठी तशी जोड-मोजणी फारशी कोणी करून बघितलेली नाही.

काय ठरलं नाही

देशभरात काही हिवाळी बदकं घटली आहेत, हे आता वादातीत मानायला हरकत नाही. भंडारा-गोंदियात ती किती घटली, हे सांगणारा भरवशाचा आकडा नाही. तलावांच्या आतली वनस्पती गेली, हे कुठलाही मासेमार दाखवून देईल. पण ती परत आणल्यावर पक्षी नव्याने वाढतात की शेजारच्या तलावावरचेच इकडे सरकतात, हे तपासलेलं नाही. मोठे जलाशय आणि लहान तलाव यांचं पक्ष्यांच्या दिनक्रमात नातं काय, हे उघडं आहे. उन्हाळी धान वाढल्याने जानेवारी-फेब्रुवारीत बांध्यांत पाणी आणि फवारणी दोन्ही आली; त्यातून पक्ष्यांचा नफा होतो की तोटा, यावर तर चर्चाही सुरू झालेली नाही.

माझं मत विचाराल तर भांडण चुकीच्या मापावर चाललं आहे. एक तलाव हे माप नव्हे. एका ओढ्यावर किंवा एका पाटावर ओळीने असलेले दहा-पंधरा तलाव आणि त्यांच्या बांध्या मिळून एक माप धरायला हवं. पक्षी त्यांना एकच पाणी समजून वापरतात आणि कोहळ्यांनी ते बांधलेही तसेच, वरच्याचा सलंग खालच्याला पोसेल असे. गणना, गाळ काढणं, मासेमारीचे ठेके आणि वनस्पती लावणं या चारही गोष्टी त्या मापाने झाल्या तर पाच वर्षांत निदान वादाला आकडे मिळतील.

भंडारा जिल्ह्यात सात तालुके आहेत. येत्या जानेवारीच्या पाणपक्षी गणनेत प्रत्येक तालुक्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने दहा-दहा शेजारी तलाव घ्यावेत, तिथल्या ढिवरांना सोबत घ्यावं आणि एकाच सकाळी मोजावेत. ज्या तलावावर एकही पक्षी नसेल, त्याची ‘शून्य’ ही नोंदही तितक्याच काळजीने पाठवावी. ती सहसा कोणी पाठवत नाही.